विरळ दातांचा उंदीर

जे मोजता येतं तेवढंच या जगात खरं. बाकी सगळा मनाचा खेळ. साम्राज्यं बुडाली ती मापात खोट आली म्हणून, संसार मोडले ते कुणीतरी दांडी मारली म्हणून, आणि माणूस माकडापासून वेगळा झाला तो शेपूट गळून पडली म्हणून नव्हे, तर उरलेल्यांच्या शेपट्या मोजायची बुद्धी त्याला झाली म्हणून.

हा सिद्धांत ज्यांनी वजनमापं निरीक्षक म्हणून छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत आचरला, ते निवृत्त गृहस्थ शनिवारी सकाळी वाद्यांच्या एका दुकानासमोर उभे होते. काखेत फुलाफुलांच्या चादरीत बांधलेलं बोचकं होतं. बोचक्यातून एक लाकडी मान भलत्याच कोनात लोंबत होती, आणि ती तशी लोंबत होती याचं कारण निरीक्षकांचं एका खिळ्याच्या बाबतीतलं मोजमाप.

तसं खिळ्याचं गणित बरोबर होतं. चुकलं ते भिंतीचं.

झालं होतं असं, की निरीक्षकांच्या वडिलांची गिटार उंदीर कुरतडत होते. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. उमेदीची एकतीस वर्षं त्यांनी एका हॉटेलच्या जेवणघरात कोपऱ्यात बसून गिटार वाजवली. लोक जेवायचे, ते वाजवायचे. टाळ्या कधी पडल्या नाहीत, कारण लोकांच्या हातांत काटे-चमचे असत. निवृत्त झाल्यावर ते रोज पाच ते सहा आपल्या खोलीत दार लोटून वाजवू लागले. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की स्वयंपाकघरातल्या नळाच्या ठिबकण्याइतकंच ते ऐकू यायचं. म्हणजे यायचंच नाही.

चार वर्षांपूर्वी सूनबाईंना, म्हणजे निरीक्षकांच्या बायकोला, धूळ पुसताना गिटारच्या वरच्या खांद्यावर, कडेला, दातांच्या खुणा दिसल्या. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पिंजरा आला, त्यात पावाचा तुकडा लागला, महिन्याने तो तुकडाच दगड झाला. औषधाच्या वड्या आल्या. शेजारणीकडून मांजर उसनी आणली. ती चार दिवस बाबांच्या मांडीवर झोपली आणि वजन वाढवून परत गेली. उंदीर काही सापडेना, खुणा मात्र वाढत गेल्या. सूनबाईंनी एकदा गिटार बाबांच्या नाकासमोर धरून खुणा दाखवल्या, तेव्हा बाबांनी चष्मा लावून त्या बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, "म्हातारा उंदीर दिसतोय. दात विरळ आहेत."

सगळे हसले. बाबांचं डोकं जरा सरकलंय हे तोवर घरात ठरलेलंच होतं. विचारावं एक, उत्तर भलतंच. "बाबा, थंडी वाजतेय का?" म्हटलं की "टाकली की टपालात," म्हणायचे. डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं. हळूहळू बाबांना काही विचारणंच बंद झालं. घरातले निर्णय त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जाऊ लागले, आणि बाबा खुर्चीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघून गोड हसू लागले.

शेवटी निरीक्षकांनी उंदरांचा प्रश्न शास्त्रोक्त सोडवायचं ठरवलं. गिटार वजनकाट्यावर ठेवली : एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. पाच किलो पेलेल असा खिळा आणला. जमिनीपासून सात फुटांवर, उंदीर चढणार नाही अशा उघड्या भिंतीत तो ठोकला आणि गिटार टांगली. "रोज मी काढून देईन, रोज मी टांगीन," असं बाबांना सांगितलं. बाबा गोड हसले. मंगळवारी दुपारी भिंतीचा गिलावा खिळ्यासकट सुटला, आणि गिटार खालच्या लोखंडी पेटीच्या कोपऱ्यावर पडली. आवाज एवढा मोठा झाला, की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला.

बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

निरीक्षकांच्या काळजाला घरं पडली ती तिथे. एवढा राग, की वळून बघायचीही इच्छा होऊ नये! ते दारात तसेच उभे राहिले. पाच वाजता बाबा उठले, वळले, आणि त्यांना मोडलेली गिटार दिसली. खाली बसून त्यांनी तुकडे एका ठिकाणी केले. मग म्हणाले, "असू दे."

बुधवारी पाच वाजता ते हात मांडीवर ठेवून पलंगावर बसले. गुरुवारी तसेच बसले. शुक्रवारी ताटातलं निम्मं जेवण तसंच परत गेलं. शिव्या दिल्या असत्या, तर निरीक्षकांनी त्या मोजून घेतल्या असत्या. "असू दे"ला काही माप नव्हतं.

म्हणून शनिवारी ते इथे आले होते. तीस वर्षं ते याच रस्त्यावर तपासणीला यायचे. वाण्याचं दुकान, सराफाचं, कापडवाल्याचं, एकेक पायरी ओळखीची. या एकाच दुकानात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे तराजू नव्हता.

दुकान बोळासारखं लांब आणि अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या. आत शिरताशिरता निरीक्षकांनी तिथले खिळे बघून घेतले; ते खिळे नव्हते, भिंतीत आडव्या लाकडी फळीला स्क्रूने बसवलेले आकडे होते. निरीक्षकांनी मान खाली घातली.

दुकानाच्या टोकाला, दिव्याखाली, पासष्टीच्या एक बाई तारेला पक्कड लावत होत्या. अंगावर सरसाचे डाग पडलेलं एप्रन, चष्मा सुतळीने गळ्यात बांधलेला. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. वडील गिटारी बनवायचे, बाई दुरुस्त करायच्या आणि विकायच्या.

"या. काय आणलंय बोचक्यात? पोर आहे का पोपट?"

निरीक्षकांनी चादर सोडली. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी पक्कड खाली ठेवली, हात एप्रनला पुसले, आणि मयताच्या घरी बोलावं तसं हळू म्हणाल्या, "ही तर जेवणघरवाल्या काकांची."

"माझे वडील."

"कोणी केलं हे?"

"उंदरांनी," निरीक्षक म्हणाले. मग छत्तीस वर्षांची सरकारी सचोटी आड आली. "म्हणजे, अप्रत्यक्षपणे. प्रत्यक्षात मी."

बाईंनी ऐकून घेतलं. मग तुकडे एकेक करून उचलले. मान खांद्यापासून निखळलेली, पोट उभं चिरलेलं, आतल्या आधाराच्या पट्ट्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या सुट्या झालेल्या. प्रत्येक तुकडा त्या दिव्याखाली धरायच्या आणि परत ठेवायच्या.

"नाही व्हायची," त्या म्हणाल्या. "जोडली तर दिसेल गिटारसारखी. भिंतीवर टांगायला बरी." आणि स्वतःच जीभ चावली. "टांगायचं राहू दे."

"मग अशीच दुसरी द्या. हुबेहूब." निरीक्षकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सगळी मापं आणली आहेत. एकूण लांबी, कमरेची रुंदी, मानेची जाडी तीन ठिकाणी, तारा पडद्यांपासून किती उंच, घोडी किती लांब. तुकडे जुळवून घेतली आहेत, एखाद मिलिमीटरचा फरक धरा. वजन पडायच्या आधीचं आहे."

बाईंनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "एवढं तर माझे वडीलसुद्धा लिहून ठेवत नसत. छान. आता आवाज सांगा."

"आवाज?"

"हिचा आवाज कसा होता? मोकळा? दबका? खालच्या तारा घुमायच्या, का कोरड्या? काका माझ्याकडून फक्त तारा न्यायचे, ते कधी इथे वाजवत बसले नाहीत. तुम्ही रोज ऐकत असाल."

निरीक्षकांनी तोंड उघडलं. कागदाकडे पाहिलं. कागद उलटा करून मागे पाहिलं. एकाच छपराखाली बासष्ट वर्षं काढली होती. त्यांच्या पाळण्याशेजारी ती वाजली असेल, परीक्षेच्या अभ्यासात वाजली असेल, त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारात पलीकडच्या खोलीत तीच वाजत होती.

"गिटारसारखा," ते म्हणाले.

बाई भिंतीपाशी गेल्या. भिंतीवरून एक उतरवली आणि चार सूर वाजवले. "असा?" दुसरी उतरवली. "का असा?" तिसरी. निरीक्षक प्रत्येक वेळी मान हलवायचे. तिच्यात होय किती आणि नाही किती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सगळ्या गिटारी त्यांना सारख्याच वाटत होत्या, आणि सगळ्या त्यांना ओरडत होत्या.

"राहू द्या," बाईंना दया आली. "निदान हाताला ओळखीची लागेल अशी बघू." मोडक्या गिटारचं खोड उचलून त्यांनी कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. वरच्या खांद्यावर बोट थांबलं. त्यांनी दिवा खाली ओढला, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हेच ते उंदीर?"

"हेच. चार वर्षं. पकडला एकही गेला नाही. फार हुशार जात."

"साहेब, तुम्ही सगळं मोजलंत. या खुणा मोजल्यात का?"

"उंदराच्या खुणा कशाला मोजायच्या?"

"मोजा ना. पट्टी आहेच खिशात."

निरीक्षकांनी पोलादी पट्टी काढली. काम मिळाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. ते वाकले, एक डोळा मिटला. एक खूण, शेजारची खूण, मधली फट. तिन्ही आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहिले.

"एका दाताची रुंदी आठ मिलिमीटर," त्यांनी अहवाल दिला. "फट तीन."

"घुशीचासुद्धा दात दोन-अडीच मिलिमीटरच्या वर जात नाही. आमच्या गोदामात मी खूप मारल्यात. मग आठ मिलिमीटरच्या दाताचा उंदीर केवढा असेल?"

निरीक्षकांनी प्रामाणिकपणे त्रैराशिक मांडलं. ओठ हलत होते. उत्तर आलं तेव्हा ते त्यांना स्वतःलाच पटेना, म्हणून पुन्हा मांडलं.

"साधारण..." ते म्हणाले, "वासराएवढा."

"आणि तो कुणाच्या नजरेला पडला नाही."

डोंगर पोखरून उंदीर निघतो असं निरीक्षक लहानपणापासून ऐकत आले होते. इथे उंदीर पोखरला आणि आतून डोंगर निघत होता. त्यांना तो दिसायला लागला होता, पण अजून बघायचा नव्हता.

"हे माणसाचे दात आहेत, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी शेवटची सहा वर्षं केलेल्या प्रत्येक गिटारवर अशा खुणा आहेत. कान गेले होते त्यांचे. कान गेले तरी लाकूड दातांत धरलं की सूर हाडातून आत जातो. काकासुद्धा हेच करत असणार. दर तीन महिन्यांनी यायचे, मी काही विचारलं की गोड हसायचे. मला आपलं वाटायचं, स्वभावच गोड."

"माझे वडील बहिरे नाहीत," निरीक्षक ताठ उभे राहिले. "ते फक्त उत्तरं चुकीची देतात."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं, आणि त्यांनी ते स्वतःच ऐकलं.

मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली. टपालात टाकलेली थंडी. दारावरची घंटा वाजली तरी न उठणं. खोलीचं दार लोटून वाजवणं. आणि मंगळवार. न्हावी रस्त्यापलीकडून धावत आला होता, आणि सहा फुटांवर बसलेल्या माणसाने मान वळवली नव्हती. तो राग नव्हता. त्यांना कळलंच नव्हतं. पाच वाजता वाजवायला उठले, तेव्हा कळलं.

निरीक्षक स्टुलावर बसले. बाईंनी न विचारता चहाचा कप पुढे सरकवला. तो निम्मा प्यायलेला, त्यांचा स्वतःचाच होता. निरीक्षकांनी तो पिऊन टाकला.

"सांगितलं का नाही?" ते शेवटी म्हणाले. "पोटच्या पोराला सांगायला काय हरकत होती?"

"माझ्या वडिलांनीही झाकलं होतं. बहिऱ्याने बनवलेलं वाद्य कोण घेणार? काकांना गिऱ्हाईक नाही, पण घर आहे. 'आता हिचा काय उपयोग, देऊन टाका कुणाला तरी,' असं घरात कधी बोललं गेलंय का?"

निरीक्षक पट्टीकडे बघत राहिले. बोललं गेलं होतं. बुधवारीच, बाबांच्या समोर उभं राहून, बाबांना कुठे काय कळतंय म्हणून, ते बायकोला म्हणाले होते : जाऊ दे गं, तसंही कोण ऐकत होतं?

"कानांत घालायचं यंत्र मिळतं," ते म्हणाले.

"मिळतं की. घालतीलही. पण ते सोमवारच्या पुढचं. आज पाच वाजता काय?" बाई उठल्या. "उठा. आता नीट गिऱ्हाइकासारखे घ्या. कानाने नाही घ्यायची ही."

त्यांनी कपाटातून पॉलिशचा कापूस काढून निरीक्षकांच्या कानांत बोळे घातले. त्यावर लाकूड कापायच्या यंत्राशी काम करताना कानांवर घालतात ते जाड गोळे चढवले. जग बंद झालं. रस्ता गेला, पंखा गेला, बाईंचे ओठ नुसतेच हलायला लागले. आणि निरीक्षकांच्या लक्षात आलं, की आपण त्या ओठांकडे बघून गोड हसतो आहोत. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

बाईंनी पहिली गिटार मांडीवर घेतली, वरच्या खांद्यावर धुतलेला रुमाल चौपदरी घालून ठेवला, आणि बोटाने खूण केली : चावा.

सरकारी नोकरीत निरीक्षकांनी पुष्कळ वस्तू तपासल्या होत्या. चावून एकही नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला, वाकले, आणि खांदा दातांत धरला.

बाईंनी तार छेडली. निरीक्षकांना वाटलं आपल्याला काहीतरी होतंय. मग समजलं, की आपल्याला ऐकू येतंय. आवाज बाहेरून येतच नव्हता. तो जबड्यातून चढून कपाळामागे कुठेतरी उभा राहिला होता, तिथे आपल्याशिवाय कुणी राहत नाही असं त्यांना आजवर वाटत होतं. बाईंनी हात थांबवला तरी तो लगेच गेला नाही. हळूहळू विरत गेला, आणि तो संपेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

बाईंनी दुसरी घेतली. ही दुकानातली सगळ्यात देखणी, शिंपल्याची नक्षी असलेली. दातांना ती पुठ्ठ्यासारखी लागली. तिसरी बारीक आवाजात कुरकुरली. एवढ्यात व्हायोलिनची तार घ्यायला एक बाई दुकानात आल्या. डोक्याला गोळे लावलेला, डोळे मिटून गिटार चावणारा प्रौढ इसम पाहून त्या दारातच थबकल्या.

"हे काय चाललंय?"

"गिटार घेतायत," दुकानवाल्या बाई सहज म्हणाल्या.

"आम्हाला नाही कधी असं चावू दिलंत!" व्हायोलिनवाल्या फणकारल्या, तार घेतली आणि जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

यातलं काहीच निरीक्षकांपर्यंत पोचलं नाही. ते चौथ्या गिटारपाशी होते. ही साधी, तपकिरी, कोपऱ्यात मागे टांगलेली. खालची जाड तार वाजली, आणि निरीक्षकांचे डोळे मिटलेलेच राहिले. बाईंनी एक सावकाश, जेवणाच्या मध्यावर वाजवतात तसली चाल वाजवली. ती कुठली हे निरीक्षकांना माहीत नव्हतं. पण पुढचा सूर कुठला येणार हे त्यांना तो यायच्या आधी कळत होतं. बासष्ट वर्षं भिंतीतून झिरपत आलेलं काहीतरी त्यांच्या हाडांत साठलेलं होतं, आणि ते आता उठून उत्तर देत होतं. ओठांच्या कोपऱ्यातून रुमालावर थोडी लाळ गळली. डोळ्यांतूनही काहीतरी गळलं. बाईंनी दोन्हींकडे लक्ष दिलं नाही.

त्यांनी गोळे उतरवून बोळे काढले. "कशी वाटली?"

निरीक्षकांनी सवयीने कागदाकडे हात नेला, आणि तो तिथेच राहिला.

"घरी कुणीतरी परत आल्यासारखी," ते म्हणाले.

"हीच द्या म्हणा की सरळ."

कागद वाया गेला नाही. बाईंनी त्या मापांवरून तारांची उंची उतरवली, घोडी घासली, मानेच्या टोकाशी तारांमधलं अंतर जुनीइतकं केलं. दोन तास लागले. निरीक्षक स्टुलावर बसून पक्कड दे, कानस दे असं करत राहिले.

"खांद्यावर चामड्याची पट्टी चिकटवून देऊ?" बाईंनी शेवटी विचारलं. "दातांना बरी."

"नको. त्यांना कळेल, की आपल्याला कळलंय."

"मग कळू द्यायचं नाही?"

"तेच कळत नाही," निरीक्षक म्हणाले. पावती न तपासता खिशात घालण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

घरी जाताना त्यांनी तीन भाषणं तयार केली. पहिलं क्षमा मागण्याचं, दुसरं समजावण्याचं, तिसरं थोडं रागावण्याचं. तिन्ही चांगली होती. कोपऱ्यावर वळताना त्यांच्या ध्यानात आलं, की ज्यांच्यासाठी ती केली त्यांना यातलं एक अक्षर ऐकू जाणार नाही.

पाचला दहा मिनिटं कमी होती. बाबा हात मांडीवर ठेवून पलंगावर बसले होते. निरीक्षकांनी गिटार त्यांच्यासमोर धरली. बाबांनी ती लगेच घेतली नाही. आधी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग मांडीवर घेऊन मानेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठ्याला काहीतरी ओळखीचं लागलं असावं, कारण तो मागे जाऊन पुन्हा तिथूनच फिरला. खुंट्या पाहिल्या. बोटं तारांवर ठेवली. आणि थांबले.

ते दाराकडे बघत होते. मुलगा बाहेर जाऊन दार लोटेल, याची वाट बघत होते.

निरीक्षक गेले नाहीत. दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली होती. "अहो, या ना बाहेर, वाजवू द्या त्यांना," ती म्हणाली. निरीक्षकांनी हात वर करून तिला थांबवलं. मग ते पलंगासमोर गुडघ्यांवर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी वाकून गिटारचा वरचा खांदा स्वतःच्या दातांत धरला, हात लांबवून खालची जाड तार छेडली, आणि तसेच, तोंडात गिटार धरून, वर बापाच्या डोळ्यांत पाहिलं.

"अगं बाई," दारातून आवाज आला. "आता हेही?"

तार थरथरत होती. बाबा बघत होते. त्यांचा चेहरा आधी चोरी पकडल्यासारखा झाला, मग भित्रा, मग खूप थकलेला. तार थांबेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही. मग बाबांनी हात उचलून मुलाच्या विरळ झालेल्या केसांवर ठेवला आणि त्याला हलकेच बाजूला सारलं. लहानपणी वाजवताना मध्ये आला की सारायचे, तसंच.

ते वाकले. खांदा दातांत धरला. डोळे मिटले. आणि वाजवायला लागले.

दार उघडंच होतं. सूनबाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांच्या नजरेला ते दात आणि ते लाकूड एकत्र पडलं, आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला. कुणी कुणाला काही समजावलं नाही. चाल संपली, दुसरी सुरू झाली. निरीक्षक फरशीवर बसून ऐकत होते. या वेळी साध्या कानांनी. आवाज कसा आहे हे आता कुणी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.

सहा वाजून गेले तरी बाबा थांबले नाहीत. थांबले, तेव्हा खोलीत बराच वेळ तो शेवटचा सूर राहिला. निदान त्यांच्यापुरता राहिला असावा, कारण दात त्यांनी उशिरा काढले. मग त्यांनी मान वर केली. निरीक्षक पुढे सरकले. आता बाबा काहीतरी म्हणतील. चार वर्षांचं, कदाचित बासष्ट वर्षांचं. ते ऐकून घ्यायला निरीक्षक तयार होते. सूनबाईही एक पाऊल आत आल्या.

बाबांनी जीभ टाळ्याला लावून पाहिली. पुन्हा पाहिली. तोंड वाकडं केलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "चिमूटभर साखर आण गं. हिचं वॉर्निश भारी कडू आहे."